न मरणारा शेजारी

न्यूयॉर्कच्या मॉर्निंगसाइड पार्कमध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत एक व्यायामशाळा बांधायला घेतली गेली. ही बाग मोठ्या अडनिड्या जागी आहे. मॅनहॅटन बेटाच्या वरच्या भागात खडकाचा एक उभा कडा आहे. माथ्यावर कोलंबिया विद्यापीठ, पायथ्याशी हार्लेम आणि मधल्या उतारावर तीसेक एकरांची ही सार्वजनिक बाग. विद्यापीठाला माथ्यावर जागा पुरेना, म्हणून त्याने बागेतली दोन एकरांहून थोडी जास्त जमीन शहराकडून शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळवली. भाडं वर्षाला ३,००० डॉलर. बदल्यात इमारतीचा काही भाग हार्लेमकरांना वापरायला मिळणार होता. विद्यापीठाची मुलं माथ्याकडच्या दाराने आत येणार आणि हार्लेमची मुलं पायथ्याकडच्या दाराने. वरचे मजले जवळजवळ सगळे विद्यापीठाचे. वस्तीच्या वाट्याला तळाचा भाग, एकूण जागेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा.

इमारत उतारावर आहे, दारं वर-खाली येणारच, असा खुलासा वास्तुविशारदाने केला असता तर तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरच ठरला असता. पण वरच्या दारातून येणारे बहुतेक गोरे आणि खालच्या दारातून येणारे बहुतेक काळे, हे नकाशावर लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना वाचता येत होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. व्यायामशाळेलाही इंग्रजीत ‘जिम’च म्हणतात, त्यामुळे ते नाव आंदोलकांना आयतंच मिळालं. दोन दारांचा अर्थ महाराष्ट्राला तर समजावून सांगायला नकोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकले ते याच टेकडीवर. त्याच सुमारास खाली हार्लेममध्ये काळ्या लोकांची वस्ती झपाट्याने वाढत होती. १९५२ साली याच विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यामुळे कोलंबिया म्हटलं की आपल्याकडे एक आपुलकी असते, आणि ती रास्त आहे. पण विद्यापीठ जसं ज्ञान देतं तशी ते जमीनही धरून बसतं. ही दुसरी बाजू परदेशी विद्यापीठांवरच्या आपल्या लेखांत क्वचितच येते.

व्यायामशाळेचं पुढे काय झालं ते सर्वश्रुत आहे. २३ एप्रिल १९६८ ला विद्यार्थी बागेतल्या बांधकामाचं कुंपण उपटायला गेले, तिथे पोलिसांशी झटापट झाली, आणि परत येऊन त्यांनी हॅमिल्टन हॉल ही वर्गांची इमारत ताब्यात घेतली. व्हिएतनाम युद्धासाठी संशोधन करणाऱ्या संस्थेशी विद्यापीठाचा असलेला संबंध हा आंदोलनाचा दुसरा मुद्दा होता. पहाटे काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना हॅमिल्टन सोडायला सांगितलं. ते गेले आणि त्यांनी इतर इमारती व्यापल्या. आठवड्याने, ३० एप्रिलच्या पहाटे, पोलीस आत घुसले. सातशेहून अधिक जणांना अटक झाली, शंभरावर जखमी झाले. पण हॅमिल्टनमधल्या काळ्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी हातही न लावता शांतपणे बाहेर नेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन महिनाही झाला नव्हता आणि कड्याखाली हार्लेम होतं. त्याची धास्ती विद्यापीठालाही होती, पोलिसांनाही. एवढ्या दांडग्या संस्थेला खालच्या वस्तीचं भय वाटलं, असे प्रसंग या कहाणीत फार नाहीत.

काम थांबलं. अध्यक्ष ग्रेसन कर्क यांनी ऑगस्टमध्ये पद सोडलं. पुढे व्यायामशाळा विद्यापीठाने आपल्याच आवारात, जमिनीखाली बांधली. म्हणजे जागा होती. खर्च आणि खटाटोप जास्त होता, एवढंच. बागेत खणलेला खड्डा वीसेक वर्षं तसाच पडून राहिला आणि १९९० च्या सुमारास तिथे तळं आणि धबधबा करण्यात आला. आज तिथे बदकं असतात आणि पर्यटक फोटो काढतात.

विद्यार्थी जिंकले, वस्ती वाचली, असं या गोष्टीचं तात्पर्य सहसा सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. बागेतले दोन एकर ही त्या काळातली सर्वांत ठळक घटना होती, सर्वांत मोठी नव्हे. मोठी घटना माथ्यावर, बिनबोभाट, एकेका इमारतीच्या खरेदीखताने घडत होती.

कोलंबिया या टेकडीवर आलं १८९७ साली. त्याआधी ते मॅडिसन अव्हेन्यूवर, शहराच्या मध्यात होतं. टेकडीवर तेव्हा मनोरुग्णालयाची विस्तीर्ण मोकळी जागा होती. ती घेऊन मोठमोठ्या वास्तू उभ्या राहिल्या. थोड्याच वर्षांत भुयारी रेल्वे आली आणि विद्यापीठाभोवती मध्यमवर्गीय भाडेकरूंच्या सहा-सहा, दहा-दहा मजली इमारती उठल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतल्या बऱ्याच इमारतींची खोल्याखोल्यांनी विभागणी झाली. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, संडास-न्हाणी आणि स्वयंपाकघर सामाईक. आपल्या चाळीसारखंच, फक्त गॅलरी नाही. तिथे पोर्तो रिकोहून आलेले, दक्षिणेतून आलेले काळे, एकटे म्हातारे, तुटपुंज्या पेन्शनवरचे लोक राहत. टेकडीवरच्या शिक्षणसंस्थांना, चर्चसंस्थांना आणि रुग्णालयाला हे शेजारी आवडेनात. १९४७ साली या संस्थांनी मिळून ‘मॉर्निंगसाइड हाइट्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाची संघटना काढली. तिचे पहिले अध्यक्ष होते डेव्हिड रॉकफेलर. परिसर सुधारायचा, हा जाहीर हेतू. सुधारण्याचा मार्ग म्हणजे झोपडपट्टी निर्मूलनाच्या योजना आणण्यात पुढाकार घ्यायचा आणि ज्या इमारतींत नकोशी वस्ती आहे त्या विकत घेऊन रिकाम्या करायच्या. साठच्या दशकात हजारो भाडेकरू अशा तऱ्हेने टेकडीवरून खाली उतरले. त्यांच्यासाठी कुणी कुंपण उपटलं नाही, कारण उपटायला कुंपणच नव्हतं. घरमालक बदलला, नोटीस आली, दुरुस्त्या थांबल्या, शेजारचं बिऱ्हाड गेलं, मग आपणही गेलो. असं बाहेर पडणं वर्तमानपत्रात छापून येत नाही.

हे एकट्या कोलंबियाचं नव्हतं. अमेरिकेतली जुनी नामांकित विद्यापीठं शहराच्या ज्या भागांत होती ते भाग युद्धोत्तर काळात झपाट्याने बदलत होते. सुखवस्तू गोरे उपनगरांत निघून जात होते, त्यांच्या जागी काळी कुटुंबं येत होती. कारखाना गाव सोडून जाऊ शकतो; शतकाचे दगडी वाडे, ग्रंथालय आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी घेऊन विद्यापीठ कुठे जाणार? तेव्हा त्यांनी शेजार बदलायचं ठरवलं. शिकागो विद्यापीठ यात सर्वांत पुढे होतं. त्याच्याच खटपटीने १९५९ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्यात ११२ वं कलम आलं. त्याची युक्ती अशी: शहराने पुनर्विकासाची योजना आणली की खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलत असे, उरलेला शहराने घालायचा. या कलमाने असं ठरवलं की विद्यापीठाने आपल्या विस्तारासाठी आसपास जमीन घ्यायला केलेला खर्च हा शहराचा वाटा म्हणून धरता येईल. विद्यापीठाने एक डॉलर घातला की शहराला खिशात हात न घालता केंद्राकडून दोन-तीन डॉलर मिळणार. मग कोणता महापौर नाही म्हणेल? फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शेजारची ‘ब्लॅक बॉटम’ नावाची काळ्या लोकांची वस्ती साठच्या दशकात पुनर्विकासाखाली उठली. तिथून पांगलेली कुटुंबं पुढे कित्येक वर्षं वार्षिक मेळाव्याला एकत्र येत राहिली.

शिकागोत मात्र विद्यापीठाच्या दक्षिणेला असलेल्या वुडलॉनने टक्कर दिली. सॉल ॲलिन्स्की या संघटकाच्या मदतीने तिथल्या चर्चमंडळींनी आणि रहिवाशांनी संघटना बांधली, आणि ६१ व्या रस्त्याच्या दक्षिणेला विद्यापीठ पाऊल टाकणार नाही, हा शब्द मिळवला. एका रस्त्याची रेघ मिळवायला सबंध वस्तीला वर्षानुवर्षं खपावं लागलं.

आता कोलंबियाच्या दुसऱ्या, ताज्या विस्ताराकडे येऊ. कारण १९६८ मधून विद्यापीठ काय शिकलं ते तिथे दिसतं.

टेकडीच्या उत्तरेला, १२५ व्या रस्त्यापाशी जमीन एकदम खाली उतरते. तिथे मॅनहॅटनव्हिल नावाची खोलगट पट्टी आहे, हडसन नदीला जाऊन मिळणारी. तिच्यावरून १९०४ सालचा लोखंडी कमानीचा पूल जातो. भुयारी रेल्वे इथे काही क्षण आकाशात येते. पुलाच्या आजूबाजूला दूध बाटल्यांत भरण्याचा जुना कारखाना, मोटारींचं जुनं कोठार, मांसाचे घाऊक व्यापारी, गॅरेजं, सामान ठेवण्याची भाड्याची गोदामं, आणि अधूनमधून राहत्या इमारती. शहर ज्यावर चालतं पण ज्याचे फोटो छापत नाही, असा भाग. २००२ साली ली बॉलिंजर कोलंबियाचे अध्यक्ष झाले आणि २००३ मध्ये विद्यापीठाने इथे सुमारे १७ एकरांवर नवं आवार बांधण्याचा बेत जाहीर केला. आराखडा रेन्झो पियानो यांचा, बांधकाम सुमारे ६८ लाख चौरस फूट, खर्च सहा अब्ज डॉलरहून अधिक, मुदत पाव शतकाची. दर विद्यार्थ्यामागे आपल्याकडे जागा हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनपेक्षा कितीतरी कमी आहे, हा विद्यापीठाचा युक्तिवाद होता, आणि तो खोटा नव्हता. मेंदूविज्ञानाची प्रयोगशाळा १९१० च्या इमारतीत चालवता येत नाही, हेही खरं.

या वेळी बागेला हात लावला नव्हता. दोन दारं नव्हती, किंबहुना फाटकच नव्हतं: रस्ते खुले राहणार, इमारतींचे तळमजले काचेचे, त्यांत दुकानं आणि कॉफीची टेबलं. राहत्या घरांवर सक्तीच्या भूसंपादनाचा आग्रह धरणार नाही, असंही विद्यापीठाने जाहीर केलं. तरी स्थानिक कम्युनिटी बोर्डाने ऑगस्ट २००७ मध्ये योजनेविरुद्ध ३२ विरुद्ध २ असं मत दिलं. बोर्डाचा स्वतःचा पर्यायी आराखडा तयार होता. वर्षानुवर्षं बैठका घेऊन केलेला. त्यात छोटे उद्योग टिकवायचे होते, परवडणारी घरं हवी होती, विद्यापीठालाही जागा होती, पण सगळी नव्हे. मात्र न्यूयॉर्कमध्ये कम्युनिटी बोर्डाचं मत हे सल्ल्यापुरतंच असतं. डिसेंबरमध्ये सिटी कौन्सिलने विद्यापीठाला हवा तसा जमीनवापरातला बदल मोठ्या बहुमताने मंजूर केला.

सगळी जमीन एकाच मालकाची का हवी, हा खरा वादाचा मुद्दा. त्याचं उत्तर जमिनीखाली होतं. इमारती वेगवेगळ्या दिसल्या तरी खाली एकच प्रचंड तळघर असणार होतं: मालाच्या गाड्या, वीज आणि वातानुकूलनाची यंत्रं, वाहनतळ, सगळं रस्त्यांच्या खालून एकसलग. नदीजवळची दलदलीची जमीन, म्हणून चहूबाजूंनी काँक्रीटची भिंत खोलवर उतरवायची. अभियंते त्याला ‘बाथटब’ म्हणतात. टबाच्या मधोमध दुसऱ्याचं गोदाम उभं राहिलं तर टब होतच नाही. म्हणजे आराखडाच असा निवडला होता की एकही शेजारी उरता कामा नये. वर काचेचा खुलेपणा आणि खाली संपूर्ण ताबा, अशी ही रचना. वस्तीतल्या टीकाकारांना ती रस्त्यावरून दिसत नव्हती, पण कागदावरून त्यांनी ती बरोबर ओळखली.

विद्यापीठाने खरेदी सुरू केली. मागे राज्याच्या सक्तीची टांगती तलवार असल्यावर वाटाघाटी लवकर आटपतात. आज विकलं नाही तर उद्या सरकार घेईल, हे प्रत्येकाला माहीत असतं. थोड्याच वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन विद्यापीठाच्या ताब्यात आली. अखेरपर्यंत नकार देणाऱ्यांत उरले एक गोदामांचा मालक आणि दोन पेट्रोल पंपांचं एक पंजाबी शीख कुटुंब. भारतातून येऊन त्यांनी उभा केलेला तो धंदा होता. पुढच्या कज्ज्याला नाव पडलं ते त्यांचंच: ‘कौर विरुद्ध न्यूयॉर्क राज्य नगरविकास महामंडळ’.

खासगी विद्यापीठासाठी सरकार कुणाची जमीन सक्तीने कशी घेऊ शकतं? अमेरिकेची राज्यघटना भूसंपादनाला दोन अटी घालते: सार्वजनिक उपयोग आणि योग्य मोबदला. सार्वजनिक उपयोगाची व्याख्या न्यायालयांनी हळूहळू सैल केली. १९५४ च्या ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या निकालाने बकाल वस्ती हटवणं हाच सार्वजनिक हेतू मानला. २००५ मध्ये ‘केलो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी आर्थिक विकास हाही हेतू चालेल असं म्हटलं. त्यावर देशभर ओरड झाली आणि बऱ्याच राज्यांनी आपले कायदे कडक केले. न्यूयॉर्कने तसं फारसं काही केलं नाही. तिथे राज्याच्या महामंडळाने एखादा भाग बकाल ठरवला की पुरे.

तो ठरवला कसा, हे जवळून बघण्यासारखं आहे. महामंडळाने पाहणी एका सल्लागार कंपनीला दिली. तीच कंपनी याच प्रकल्पात कोलंबियासाठीही काम करत होती. यावर न्यायालयातच आक्षेप आल्यावर दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा पाहणी करून घेतली. तिचाही निष्कर्ष तोच. अहवालांत फुटपाथच्या भेगा, उडालेला रंग, गळती, सैल झालेले छज्जे, बांधकाम नियमांचे भंग, रिकाम्या इमारती अशा नोंदी, छायाचित्रांसह. पण पाहणी झाली तेव्हा यांतल्या बहुतेक इमारतींचा मालक होता खुद्द कोलंबिया. भाडेकरू गेले, नवे ठेवले नाहीत, दुरुस्ती रेंगाळली. मग पाहणीवाला आला आणि लिहून गेला की हा भाग ओसाड पडतो आहे.

डिसेंबर २००९ मध्ये अपील न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती कॅटरसन यांनी या बकालपणाच्या पाहणीची अगदी सालं काढली. विद्यापीठाने खरेदी सुरू करण्याआधी हा भाग सावरू लागला होता, हे त्यांनी नोंदवलं, आणि इतक्या जवळून फोटो काढले तर न्यूयॉर्कच्या कोणत्याही मोहल्ल्यात असली पडझड सापडेल, अशा अर्थाची टिप्पणी केली. वस्तीत आनंद झाला. तो सहा महिने टिकला. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. न्यायालयाची भूमिका साधी होती: बकाल काय आणि काय नाही हे ठरवण्याचं काम कायद्याने महामंडळाला दिलं आहे, त्याचा निर्णय अगदीच निराधार नसेल तर न्यायाधीशाने आपलं मत त्याच्या जागी ठेवू नये. शिवाय शिक्षण हाही नागरी हेतूच, मग विद्यापीठ खासगी का असेना. त्या वर्षअखेर केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि पेट्रोल पंप गेले.

कायद्याच्या चौकटीत वरच्या न्यायालयाचं बरोबर असेल. पण ज्याने घर पडू दिलं त्यालाच घर पडकं असल्याचा फायदा मिळावा, हे पटत नाही. ही चौकटच विद्यापीठासारख्या पक्षकाराला धार्जिणी आहे, कारण तिच्यात वेळेची किंमत कुणी मोजतच नाही. पेट्रोल पंपवाल्याला धंदा चालवायचा असतो, वकिलाचं बिल भरायचं असतं, मुलं मोठी होत असतात. विद्यापीठ १७५४ पासून आहे. त्याला दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. याच कोलंबियाकडे १८१४ साली राज्याने दिलेली एक जुनी वनस्पतिबाग होती. तेव्हा ती गावाबाहेर, कवडीमोलाची. विद्यापीठाने ती विकली नाही. शहर वाढत आलं, त्या जमिनीवर रॉकफेलर सेंटर उभं राहिलं, विद्यापीठ दशकानुदशकं भुईभाडं घेत राहिलं आणि १९८५ मध्ये जमीन ४० कोटी डॉलरला विकली. एकशे एकाहत्तर वर्षं थांबणारा खरेदीदार समोर असेल तर भाव कोण ठरवणार? शेजारी म्हातारे होतात, मरतात, त्यांचे वारस भांडतात आणि विकतात. हा शेजारी मरत नाही.

आणि तो घरपट्टीही भरत नाही, निदान शिक्षणाच्या कामी लागलेल्या जागेवर. धर्मादाय आणि शैक्षणिक संस्थांना मालमत्ता करातून सूट देणं हे जुनं धोरण आहे आणि गावातल्या एका छोट्या महाविद्यालयाच्या बाबतीत ते सगळ्यांना पटतं. अडचण आकाराची आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आणि ‘हेचिंगर रिपोर्ट’ या शिक्षणविषयक वृत्तसंस्थेने मिळून कागदपत्रं धुंडाळली तेव्हा असं दिसलं की पत्त्यांच्या संख्येने कोलंबिया हा शहरातला सर्वांत मोठा खासगी जमीनमालक आहे. ३२० हून अधिक मालमत्ता, आणि वर्षाला १८ कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता कर वाचतो. एखादी इमारत विद्यापीठाकडे गेली की ती करपात्र यादीतून निघते. रस्ते, शाळा, अग्निशमन दलाचा खर्च मात्र तेवढाच राहतो. काही शहरांनी यावर स्वेच्छेच्या रकमेचा तोडगा काढला आहे. येलने २०२१ मध्ये न्यू हेवन शहराला सहा वर्षांत सुमारे साडेतेरा कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ‘स्वेच्छेने’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. कर मागता येतो, स्वेच्छा मागता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ही सूट काढण्याची विधेयकं आली, पण त्यासाठी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करावी लागते.

मॅनहॅटनव्हिलमध्येही तोडगा पैशांचाच निघाला. मे २००९ मध्ये विद्यापीठाने वस्तीच्या विकासासाठी १५ कोटी डॉलरचा करार केला. त्यात घरांसाठी निधी, सार्वजनिक शाळा, सोयी-सवलती असं बरंच काही होतं. वस्तीच्या वतीने सही केली ती त्यासाठीच स्थापन झालेल्या संस्थेने. वस्तीने तिला अधिकार कधी दिला, यावर सुरुवातीपासून कुरबुरी होत्या. काही वर्षांतच तिचा कारभार राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या चौकशीत सापडला आणि तिच्या जागी नवी संस्था आणावी लागली. शाळा मात्र झाली, काही निधीही खरोखर पोचला. हे झालं नसतं तर बरं, असं मी म्हणणार नाही.

आता एक वेगळं चित्र. प्रत्येक वेळी विद्यापीठ दांडगं आणि वस्ती दुबळी, असंच नसतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शेजारी म्हणजे कोट्यवधींच्या बंगल्यांचे मालक. विद्यापीठाने विद्यार्थी वाढवले पण वसतिगृहं तितकी बांधली नाहीत, त्यामुळे गर्दी, कचरा आणि रात्रीचे गोंधळ वाढले, ही त्यांची तक्रार. आणि हत्यार होतं पर्यावरण आढाव्याचा राज्यकायदा. त्यांच्या संघटनेच्या खटल्यात न्यायालयाने विद्यापीठाचे प्रवेशच गोठवले. २०२२ च्या वसंतात हजारो मुलांचे प्रवेश टांगणीला लागले, तेव्हा विधिमंडळाला घाईघाईने कायदा बदलावा लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकरणात अपील न्यायालयाने म्हटलं की विद्यार्थ्यांच्या दंग्याचा आवाज हाही पर्यावरणावरचा परिणाम आहे, त्याचा आढावा घ्या. ही जागा होती पीपल्स पार्क, जिथे १९६९ मध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला होता. तिथे अकराशे विद्यार्थ्यांची सोय आणि बेघरांसाठी घरं बांधायची होती. माणसांचा आवाज म्हणजे प्रदूषण नव्हे, असा नवा कायदा झाला, आणि २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला. त्याआधीच, जानेवारीत, विद्यापीठाने रात्रीत जहाजी कंटेनर रचून जागेभोवती भिंत उभी केली होती. इथे मला विद्यापीठाची बाजू जास्त पटते. ज्यांचं घर आहे ते, ज्यांना घर नाही त्यांच्यासाठीचं बांधकाम आवाजाच्या कारणाने अडवत होते.

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: प्रकरण चिघळलं की वरची सत्ता विद्यापीठाच्या बाजूला झुकते. हे फार जुनं आहे. १३५५ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये एका गुत्त्यात दारूच्या दर्जावरून भांडण पेटलं आणि दंगलीत साठच्या वर विद्यार्थी-पंडित मारले गेले, गावातलेही बरेच. राजाने विद्यापीठाचे हक्क वाढवले आणि गावाला प्रायश्चित्त दिलं: दर वर्षी महापौराने प्रार्थनेला येऊन मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी भरायची. गावाने ती १८२५ पर्यंत भरली.

कोलंबियाच्या मॅनहॅटनव्हिलमध्ये मेंदूविज्ञानाची इमारत सुरू होऊन काही वर्षं झाली. व्यवस्थापनशाखा २०२२ मध्ये तिथे आली. उरलेलं बांधकाम अजून बरंच आहे. दरम्यान वाद पुन्हा टेकडीवर पोचला आहे, आणि या वेळी तो एका रस्त्याचा आहे. ११६ वा रस्ता जुन्या आवाराच्या मधून जातो. १९५३ मध्ये शहराने त्याचा ब्रॉडवे ते ॲम्स्टरडॅम अव्हेन्यू हा तुकडा कोलंबियाला १,००० डॉलरला दिला, पण लोकांना पायी जाण्या-येण्याचा हक्क राखून. सत्तर वर्षं शेजारी तिथून जात-येत राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरपासून गाझा युद्धावरच्या निदर्शनांमुळे फाटकं वारंवार बंद होऊ लागली. एप्रिल २०२४ मध्ये हॅमिल्टन हॉल पुन्हा व्यापला गेला आणि पोलीस पुन्हा आत आले, तेही ३० एप्रिललाच. त्यानंतर फाटकांवर ओळखपत्र मागणं हाच नियम झाला. आसपासच्या रहिवाशांनी १९५३ चा तो दस्तऐवज काढून कोर्टात धाव घेतली आहे. फाटकं अशी अडवलेली असताना ज्याच्याकडे कोलंबियाचं ओळखपत्र नाही त्याला ब्रॉडवेवरून ॲम्स्टरडॅमला जायचं तर दक्षिणेला ११४ व्या रस्त्याने नाहीतर उत्तरेला १२० व्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. आणि त्या भागात काठी घेऊन चालणारे म्हातारे बरेच आहेत.